हनुवटीखालून गेलेला चेंडू

लॉकरवर आपलं नाव पाहून नॉर्ब केसलर दारातच थबकला, आणि मागून येणारा जाडजूड गृहस्थ त्याच्या पाठीवर आदळला.

"काय झालं? आत जाऊ दे की," तो गृहस्थ म्हणाला. मग त्यालाही स्वतःचं नाव दिसलं. "अरे देवा," एवढंच म्हणून तोही तिथेच उभा राहिला.

खोलीभर तेच चाललं होतं. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, गुडघ्यांना पट्टे बांधलेले पुरुष आपापल्या लॉकरसमोर उभे होते आणि एकमेकांकडे पाहायचं टाळत होते. हँगरवर इस्त्रीचा पांढरा गणवेश, पाठीवर आडनाव, त्याखाली नंबर. नॉर्बचा सत्तावीस. आडनावाची अक्षरं त्याने बोटांनी चाचपून पाहिली. टोलेडोत उभा जन्म त्याने इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. तिथल्या निळ्या सदऱ्यावरही नाव होतंच, पण खिशावर, आणि बहुतेक वेळा ग्रीसखाली.

लहानपणापासून ज्या बेसबॉल संघावर त्याने जीव टाकला, त्या संघाचा फ्लोरिडातला हा हिवाळी तळ. जानेवारीत, खरे खेळाडू यायच्या आधी, आठवडाभर इथे हौशी लोकांना खेळू देतात. निवृत्त झालेले जुने खेळाडू त्यांचे संघ पाडतात, त्यांना शिकवतात, त्यांना चेंडूही टाकतात. आणि शेवटच्या दिवशी मोठ्या मैदानात, बायकामुलांसमोर, त्यांच्याविरुद्ध खेळतात. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत निम्मी मंडळी मांडीला बर्फ बांधून आडवी झाली होती. विम्याचे एजंट, शाळेचे मुख्याध्यापक, एक न्यायाधीशसुद्धा. कण्हत होते, आणि कण्हता कण्हता हसत होते.

नॉर्बला मात्र काही झालं नव्हतं, आणि हेच त्याला खरं वाटत नव्हतं. कारण गेल्या मार्चमध्ये त्याची छाती उघडून हृदयाच्या तीन वाहिन्या बदलल्या होत्या.

त्या शस्त्रक्रियेनंतर घरात सगळंच मऊ झालं होतं. मुलगा कर्टिस अंगणातला बर्फ त्याला उपसू देत नसे. जिन्याच्या खाली मार्लीन उभी राहायची आणि तो वरच्या पायरीवर पोहोचेपर्यंत हलायची नाही. मार्लीन म्हणजे त्याची बायको. शाळेच्या जेवणघरात मुख्य होती, आणि सहाशे पोरांना नुसत्या आवाजावर रांगेत उभं करायची. पूर्वी तिच्याशी बोलायचं म्हणजे नॉर्बला जपून बोलावं लागे. आता ती त्याच्याशी जपून बोलू लागली होती. शिबिराला जायचं म्हटल्यावर ती घर डोक्यावर घेईल अशी त्याची खात्री होती. तिने फक्त गोळ्यांची डबी भरून दिली आणि शेवटच्या दिवशी येते म्हणाली.

एक मात्र होतं. क्रिबेज या पत्त्यांच्या खेळात तिच्यापुढे नॉर्बची कधी डाळ शिजली नव्हती. लाकडी फळीवर गुणांच्या खुंट्या सरकवत ती त्याला गेली कितीतरी वर्षं दर रविवारी धूळ चारत आली होती. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र त्याचे पत्ते फळफळले होते. "छाती उघडली तेव्हा अक्कलही आत टाकली वाटतं," असं तो म्हणायचा, आणि मार्लीन हसायची.

बेसबॉल तर दोघांचाच. उन्हाळ्यात मागच्या ओट्यावर रेडिओ लावून दोघं बसत. मार्लीनचा राग एकाच गोष्टीवर होता. फलंदाजाचा तिसरा वार हुकला की तो बाद. पण तो चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या हातून निसटला, तर फलंदाजाला पहिल्या बेसकडे पळायची मुभा असते; चेंडूच्या आधी तिथे पोहोचला तर तो वाचला. पुष्कळ खेळाडू मान खाली घालून उभेच राहतात. असं झालं की मार्लीन रेडिओवर ओरडायची, "अरे पळ ना गाढवा! मेला आहेस का?" शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं. गेल्या उन्हाळ्यात ती कुणावरच ओरडली नव्हती.

संघ वाटले गेले तेव्हा नॉर्बचं नाव अमोस टिलरीने पुकारलं. नॉर्बला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अमोस टिलरी! अलाबामाचा हा उंच काळा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जेव्हा ऐन भरात होता, तेव्हा नॉर्ब नुकता कामाला लागला होता आणि गच्चीवरच्या मोटरखोलीत खिशातला रेडिओ कानाला लावून त्याचे सामने ऐकत होता. टिलरीची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. फलंदाज प्लेटच्या, म्हणजे ज्यावरून चेंडू जायला हवा त्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीच्या, फार जवळ येऊन वाकून उभा राहिला, की पुढचा चेंडू त्याच्या हनुवटीखालून जायचा. "माझ्या दारात येऊन उभा राहिलास, तर दार तोंडावर आपटणारच," असं तो म्हणायचा. आपटल्यावर कधी विचारपूसही करायचा नाही.

आता सत्तरीचा टिलरी तोंडात सूर्यफुलाच्या बिया चघळत समोर उभा होता. "मिस्टर टिलरी बिस्टर टिलरी नको. अमोस म्हण," तो म्हणाला. "आणि बाबा रे, हळू पळ. इथे कुणाला घाई नाही."

मग जे झालं त्याने नॉर्ब चक्रावूनच गेला. पहिल्या सामन्यात त्याने चेंडू दोन खेळाडूंच्या मधून काढला. दुसऱ्यात सीमेच्या भिंतीपर्यंत मारला. आयुष्यात कधी शाळेच्या संघातही त्याला नीट जागा मिळाली नव्हती, आणि इथे, त्रेसष्टाव्या वर्षी, छातीवर उभा व्रण घेऊन, तो मारेल तो चेंडू लागत होता. तंबूत त्याला 'हातोडा' म्हणू लागले. जेवताना न्यायाधीश उठून त्याच्या शेजारी बसायला आला. रात्री तो मार्लीनला फोनवर सगळं सांगायचा.

"आज तीन हिट, मार्लीन. तीन!"

"हो का? छान," ती म्हणायची. "गोळी घेतलीस?"

पाचव्या दिवशी सकाळी समोरच्या संघाचा कॅचर होता लाइल ब्रँट, इंडियानातला दातांचा डॉक्टर. कॅचर नेहमीच बडबडतात. फलंदाजाचं चित्त ढळावं म्हणून मागे बसून काहीबाही बोलत राहायचं, ही जुनी रीत. पण लाइलची बडबड रीतीसाठी नव्हती. त्याला गप्प बसताच येत नव्हतं.

"आलास हातोड्या? ये ये. तुझी पाळी आली की मला आराम. हातमोजा मधोमध धरून बसायचं, डोळे मिटले तरी चालतं."

"म्हणजे?" बॅट फिरवत नॉर्बने विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? तू आलास की पिचर टोपीला हात लावतो. बघ, लावला. म्हणजे हळू, सरळ, पोटाच्या उंचीवर. आमच्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, हृदयवाला सत्तावीस नंबर आला की—" लाइल थांबला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. "तुला माहीत होतं ना?"

चेंडू आला. हळू, सरळ, पोटाच्या उंचीवर. नॉर्ब त्याच्याकडे बघत राहिला. दुसराही तसाच आला, तिसराही. त्याने बॅट खांद्यावरून उचलली नाही. सरळ आलेला चेंडू नुसता सोडला तरी तो हुकलेला वारच, म्हणजे स्ट्राइक. तिन्ही स्ट्राइक. तो बाद झाला.

आणि दोन्ही तंबूंतून टाळ्या पडल्या. "उत्तम नजर, नॉर्ब! छान थांबलास!" न्यायाधीश ओरडला.

तो बाद झाला होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. आतापर्यंतच्या सगळ्या टाळ्या त्याला पुन्हा ऐकू आल्या.

टिलरी तंबूच्या टोकाला बिया थुंकत बसला होता. नॉर्ब थेट त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"कुणी सांगितलं?"

टिलरीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लाइलकडे. "दाताच्या डॉक्टरला तोंड बंद ठेवायला शिकवत नाहीत काय?" तो पुटपुटला. "बस."

"बसायचं नाही मला."

"तुझ्या बायकोचा फोन आला होता. पहिल्याच दिवशी. मी तिला नावानेही ओळखत नाही, आणि ती माझ्यापाशी रडली, बाबा. म्हणाली, त्याच्या छातीवर चेंडू लागू देऊ नका. मी शब्द दिला."

"आणि हिट? ते पण तिनेच मागितले?"

"ते नाही." टिलरीने तोंड पुसलं. "ते आम्हीच देतो. तुला एकट्याला नाही रे. जो जो लंगडतो, जो जो म्हातारा, त्या सगळ्यांना थोडं थोडं. लोक हौसेने येतात. घरी जाऊन सांगायला काहीतरी नको का?"

"न्यायाधीशालाही?"

"न्यायाधीशाला तर आम्ही खालून टाकतो."

एरवी नॉर्ब हसला असता. "उद्या तू मोठ्या मैदानात मला टाकणार," तो म्हणाला. टिलरीला तो एकदम तू म्हणाला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "खरा टाक. एकच."

"खरा राहिलाय कुठे माझ्याकडे? आणि असता तरी नाही. बाईला शब्द दिलाय मी."

जेवणाच्या सुट्टीत नॉर्बने गाड्यांच्या जागेत उभं राहून मार्लीनला फोन लावला. ती सामान भरत होती.

"तू त्याला फोन केलास?"

"केला," ती म्हणाली. "तू शुद्धीवर नव्हतास तेव्हा तुझ्या तोंडात, नाकात, छातीत नळ्या मी पाहिल्यात, नॉर्ब. तू नाही पाहिल्यास."

"ते लोक मला मुद्दाम सोपे चेंडू टाकत होते."

"मी ते नव्हतं सांगितलं. मी फक्त म्हटलं, लागू देऊ नका."

"मी तुला रोज फोनवर फुशारक्या मारत होतो."

"मला बरं वाटत होतं ते ऐकून. तुला काय हवंय? तुला दुखावं असं हवंय?"

नॉर्ब बोलणार होता, तेवढ्यात त्याला भलतंच आठवलं.

"मार्लीन, पत्ते?"

"काय पत्ते?"

"क्रिबेज. उन्हाळ्यापासून मी जिंकतोय ते."

जी बाई कुणाचंही ऐकून घेत नसे, ती फोन धरून गप्प होती. कर्टिसने बर्फाचं फावडं काढून घेतलं तेव्हा नॉर्बला इतकं लागलं नव्हतं. घरात, स्वयंपाकघराच्या टेबलावर, समोरासमोर बसून ती हरत होती आणि हसत होती; आणि आपण खुंट्या पुढे सरकवत मिशीत हसत होतो.

"सगळेच डाव?" त्याने विचारलं.

"एक तू खरा जिंकलास," ती म्हणाली. "जुलैमध्ये कधीतरी."

शेवटच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं आणि थंड वारा सुटला होता. मोठ्या मैदानाच्या खुर्च्यांवर बायका, मुलं, नातवंडं बसली होती. मार्लीन सकाळच्या विमानाने आली होती आणि पहिल्या बेसच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. दोघांनी एकमेकांना हात केला, पण बोलणं झालं नव्हतं.

प्रत्येक हौशी खेळाडूला एकेक पाळी. न्यायाधीशाला हिट मिळाला, मुख्याध्यापकाला मिळाला. जे खरंच हुकले त्यांनाही टाळ्या मिळाल्या. नॉर्बचा नंबर आला तेव्हा पिचरच्या उंचवट्यावर टिलरी होता. त्याने टोपीला हात लावला.

पहिला चेंडू हळू, सरळ. नॉर्बने सोडला. पंच म्हणाला, "स्ट्राइक."

नॉर्ब प्लेटकडे सरकला. बुटांची टोकं त्याने फलंदाजाच्या चौकटीच्या पांढऱ्या रेषेवर आणून ठेवली आणि कोपर पुढे काढलं.

दुसराही तसाच आला. त्याने तोही सोडला. दोन स्ट्राइक. तो आणखी वाकला. आता त्याची छाती, हनुवटी, कोपर, सगळं प्लेटवर लोंबत होतं. कॅचर होता टिलरीचाच एक जुना सोबती, गुडघे गेलेला. तो खालून म्हणाला, "भल्या माणसा, मागे हो. त्याला हे बघवत नाही."

"ठाऊक आहे," नॉर्ब म्हणाला.

"नॉर्ब, मागे सर!" टिलरी उंचवट्यावरून ओरडला.

"का? तुझं दार आहे का हे?"

तंबूत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. टिलरी दोन पावलं खाली उतरला, हातातला चेंडू चोळला, खुर्च्यांकडे एकदा पाहिलं. परत वर चढला तेव्हा त्याने टोपीला हात लावला नाही. त्याचा पाय उचलला गेला, तो नॉर्बने कितीतरी संध्याकाळी नुसत्या आवाजावरून मनात पाहिला होता तसा. सत्तरीच्या माणसाचा चेंडू किती वेगाने येणार! पण नॉर्बला तो आलेला दिसलाच नाही. हनुवटीखाली वारा लागला, आणि त्याचे पाय आपोआप वर गेले.

तो पाठीवर धाडकन पडला. हेल्मेट घरंगळत गेलं. तोंडात माती होती. कुणीतरी बाई किंचाळली. कोण ते त्याला ठाऊक होतं. मग संपूर्ण मैदानात चिडीचूप झालं. डॉक्टर पेटी घेऊन धावत आला, पंच त्याच्यावर वाकला.

नॉर्बचं हृदय धडाधड उडत होतं. आधी त्याला वाटलं, संपलं. मग कळलं की नाही, हे नुसतं घाबरलंय. दुरुस्त केलेलं, शिवलेलं, तरी चांगलं दणकून घाबरलंय. त्याने डॉक्टरला हाताने बाजूला केलं.

टिलरी उंचवट्यावरच होता. तो खाली आला नाही. काय झालं, लागलं का, एक शब्द विचारला नाही. बिया थुंकल्या आणि पाठ फिरवली.

नॉर्ब उठला. कपडे झटकले नाहीत. पुन्हा जागेवर येऊन उभा राहिला, आणि खाली पाहिलं तेव्हा त्याला नवल वाटलं. पाय आपले आपणच रेषेपासून चांगले हातभर मागे आले होते. त्याने त्यांना पुढे न्यायचा प्रयत्न केला. ते गेले नाहीत.

पुढचा चेंडू बाहेरच्या बाजूने आला. येता येता खाली वळला. नॉर्बने सगळा जीव एकवटून बॅट फिरवली. चेंडू तिथे नव्हताच. तो मातीत आपटला, कॅचरच्या नडगीला लागला आणि मागच्या जाळीकडे घरंगळत गेला.

तिसरा स्ट्राइक. कुणी टाळी वाजवली नाही. एकही नाही. नॉर्ब तिथेच उभा राहून त्या शांततेकडे कान देऊन ऐकत राहिला.

"पळ!"

पहिल्या बेसच्या बाजूने, दुसऱ्या रांगेतून आवाज आला. सहाशे पोरांना रांगेत उभं करणारा आवाज.

"अरे पळ ना गाढवा! मेला आहेस का?"

नॉर्बने वळून पाहिलं. मार्लीन उभी होती, पर्स खाली पडली होती आणि दोन्ही हातांनी ती पहिला बेस दाखवत होती. जी बाई त्याला जिना एकट्याने चढू देत नव्हती ती. त्याच्या डोक्यात काही शिरायच्या आत पाय निघाले. मागे गुडघे गेलेला कॅचर शिव्या देत चेंडूमागे लंगडत होता, पुढे बेस होता, आणि मधे नॉर्ब केसलर तोंडातल्या मातीसकट पळत होता. त्याचा पाय पडायला एक पाऊल उरलं असताना चेंडू त्याच्याआधी पोहोचला.

"बाद!" पंच ओरडला.

सामना संपल्यावर मार्लीन तरातरा टिलरीकडे गेली. "तुम्ही मला शब्द दिला होता!"

टिलरीने टोपी काढली. "बाईसाहेब, लागू देणार नाही म्हणालो होतो. लागला का?"

"जरा इकडे आला असता तर?"

"नसता आला. तेवढं एकच मला अजून जमतं." मग तो नॉर्बकडे वळला. "आणि तू रे. दारात नीट उभा राहिलास." हात मात्र त्याने पुढे केला नाही, आणि नॉर्बनेही केला नाही.

विमानतळाकडे जाताना गाडी मार्लीन चालवत होती. नॉर्बने मातीने भरलेला गणवेश काढला नव्हता, आणि बदल असं तिने त्याला म्हटलं नव्हतं. संत्र्याचा रस विकणाऱ्या टपऱ्या मागे पडत होत्या.

"त्याने तुला मागे ढकललं," ती एकाएकी म्हणाली, "मग बाहेरून टाकला. हे तुला कळायला नको? माझ्या आईलासुद्धा कळलं असतं. मातीत पडणारा चेंडू, आणि तू बॅट फिरवतोस?"

नॉर्ब तिच्याकडे बघतच राहिला.

"आणि वर तिथे पुतळ्यासारखा उभा! अर्धा क्षण आधी निघाला असतास तर पोहोचला असतास."

"पोहोचलो असतो?" त्याने विचारलं.

"खात्रीने." तिने डोळे मनगटाने पुसले आणि गाडी वळवली. "पत्ते माझ्या पर्समध्ये आहेत. फळीही आणलीय. विमानाला वेळ आहे, आणि आज मी तुला सोडणार नाही."